पाच माळांचा निळा उजेड

२५ ऑक्टोबर २००१, खंडेनवमी, टेंभुर्णी

औषधाच्या कंपनीचा माणूस दरवर्षी दवाखान्यात डायऱ्या वाटतो. यंदाची माझी जानेवारीपासून कोरी पडली होती. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो, गुरुजींनी अक्षर वळणदार करून घेतलं, पण लिहायचं काय हा प्रश्न असायचा. आज लिहावंसं वाटलं, कारण नंदाचं पत्र आलं. तिला सातवा लागला. दिवाळीला येते म्हणते, ती बाळंत होऊनच परत जाईल.

आज दवाखान्यात औजारांची पूजा केली. कात्र्या, चिमटे, ऑक्सिजनचं नळकांडं, सगळ्यांना हळदकुंकू. सुगराबी सिस्टर बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मामा, माझ्या कैचीलाबी लावा. नहीं तो रुसून बसेल, टाके काढताना मला बोचेल." दवाखान्यात मला सगळे मामाच म्हणतात, पंधरा वर्षांत माझं रामकिसन हे नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं आहे.

शेवटी स्टुलावर चढून ऑपरेशनच्या खोलीतल्या निळ्या ट्यूबला तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. ही ट्यूब म्हणजे माझा जीव. डॉक्टर अण्णासाहेबांनी सहा वर्षांपूर्वी बसवली तेव्हा सांगितलं होतं, मामा, या उजेडातले खरे किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण हवेतले, टेबलावरचे जंतू मारतात. ऑपरेशनच्या आधी अर्धा तास लावायची, आत कुणी थांबायचं नाही. दवाखान्यातलं घड्याळ बंद पडत असे म्हणून मी तेव्हापासून दाराबाहेर बसून जप करतो. पाच माळा म्हणजे अर्धा तास, मी पडताळून पाहिलं आहे. सहा वर्षांची कुंकवाची बोटं एकावर एक तिच्या अंगावर आहेत. पूजेचं कुंकू पुसू नये म्हणून मी कधी फडकं लावलं नाही.

पहिल्या वर्षी चुकून दोन मिनिटं ट्यूबखाली उभा राहिलो तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. आता आत थांबून वस्तू लावल्या तरी काही होत नाही. डोळे सरावले. माणूस काय, वस्तू काय, सहवासानं ओळख होते.

१३ नोव्हेंबर

नंदा आली. जावई वसंता पोचवायला आले होते, पिंपळगाव रेणुकाईहून दोन गाड्या बदलून. पोरगी पायांनी सुजली आहे पण चेहरा उजळला आहे. तिच्या आईनं, गोजरनं, दारातच तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

जेवताना वसंतांनी विषय काढला. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं, पहिलीच खेप आहे, बाळ आडवं आहे असं तिकडच्या नर्सबाईंनी सांगितलंय, तर जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालावं. मला ते लागलं. मी म्हणालो, "जालन्याची खोली कोण पुसतं ते तुम्हाला माहीत आहे का? इथली मी पुसतो."

वसंता भिडस्त माणूस. ते म्हणाले, "तसं न्हाई मामा. तुमच्यावर भरवसा न्हाई असं कसं म्हणीन."

नंदा हसून म्हणाली, "आबांच्या खोलीत माशीसुदिक पाय पुसून येती." विषय तिथं मिटला. आठवा लागल्यावर डॉक्टरसाहेबांना दाखवायचं ठरलं.

२ डिसेंबर

वरूडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले, जखम भरत नाही. पट्टी सोडली की हिरवट पू आणि गोडसर, उबट वास. महिनाभरातला हा तिसरा. डॉक्टरसाहेबांचा हात मोठा, सर्दीपडशालासुद्धा भारीतलं औषध देतात, म्हणून तर लांबून लोक येतात. म्हाताऱ्याला त्यांनी नेहमीचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं, आता तिसरं चालू आहे.

सुगराबी सिस्टरचे रोजे चालू आहेत. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि तीच बाई तो वास घेत पट्टी करते. हात धुताना हळूच म्हणाल्या, "मामा, बुरा नका मानू. ती ट्यूब पुरानी झाली असंल का?"

मी म्हणालो, जळते की रोज बराबर. कधी फडफडलीसुद्धा नाही.

त्या म्हणाल्या, "जळती. ते मलाबी दिसतं." आणि साबण वाटीत ठेवून निघून गेल्या.

मला राग आला होता, तो इथं कबूल करतो. घरी येऊन अंघोळ केली तरी गेला नाही.

९ डिसेंबर

आज एक विचार मनात आला तो चांगला वाटला म्हणून लिहितो. सकाळच्या ऑपरेशनआधी पाच माळा झाल्या की मी ट्यूब बंद करतो आणि पूर्वेच्या खिडकीची लाकडी दारं उघडतो. काचेतून ऊन थेट टेबलावर पडतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. रोज तांब्यानं सूर्याला पाणी घालतो, त्याच भावनेनं मी तो खोलीत घेतो. आधी माणसानं केलेला उजेड, त्यावर देवाचा. दोन्ही झाल्यावर जंतूची काय बिशाद.

डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं होतं, खिडकी का उघडता. मी म्हणालो, निळ्या उजेडानं खोली उदास दिसते. ते म्हणाले, असू द्या, बाई टेबलावर घेताना घाबरत नाही.

४ जानेवारी २००२

नवीन डायरी मिळाली नाही, जुन्यातच तारखा खोडून लिहितो.

बाळ अजून आडवंच आहे. डॉक्टरसाहेब म्हणाले, कळांची वाट बघायला नको, रविवारी सकाळी ऑपरेशन करून घेऊ, भुलीचे डॉक्टर जालन्याहून येतील. नंदा भ्याली आहे पण दाखवत नाही. मला विचारते, "आबा, टेबल गार असतं का?" मी म्हणालो, ऊन पाडून ठेवीन.

६ जानेवारी, रविवार

मुलगी झाली. रंग आजीचा, नाक बापाचं. देवा, तुझे उपकार.

खोली मी काल दोनदा धुतली आणि आज पहाटे पुन्हा पुसली. ट्यूब लावून जपाला बसलो तर तिसऱ्या माळेत वीज गेली. जनरेटरवर फक्त टेबलावरचा दिवा चालतो. भुलीचे डॉक्टर पोचले होते, त्यांना दहाला जालन्यात दुसरीकडे जायचं होतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "झालं तेवढं पुरे मामा, तुमची खोली आरशासारखी आहे." मी लगेच खिडकी उघडली. ऊन नेहमीपेक्षा जास्त पडलं होतं, टेबलाची चादर खरोखर कोमट लागत होती.

संध्याकाळी नंदाला पूर्ण जाग आली. म्हणाली, "आबा, टेबलावर घेतलं तव्हा अंगावर ऊन आलं. मंग भ्या वाटलं न्हाई."

राहिलेल्या दोन माळा घरी देवापुढं बसून पुऱ्या केल्या.

९ जानेवारी

नंदाला तापाची कणकण आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात, दूध भरल्यावर येते. इंजेक्शन चालू केलं आहे. गोजर डिंकाचे लाडू घेऊन आली, तिनं एक घास खाल्ला.

११ जानेवारी

सकाळी सिस्टर पट्टी सोडत होत्या आणि मी तांब्या धरून उभा होतो. वास आधी आला. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी पुन्हा झाकून म्हणाल्या, "मामा, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा." पंधरा वर्षांत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं.

१३ जानेवारी

दुसरं इंजेक्शन झालं, काल तिसरं. ताप हटत नाही. दुपारी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. वसंता जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बाळ गोजरपाशी आहे, शेजारच्या चतुराबाईंच्या गाईचं दूध पाणी घालून पाजते.

१४ जानेवारी, संक्रांत

शुद्धीवर होती. मी खिशातून तिळाची वडी काढली, तिनं जिभेला लावून परत दिली. बाळाला बघायचं म्हणाली. मी म्हणालो, दोन दिवसांनी आणतो.

हे मी का म्हणालो? आजच जीप करून आणता आलं असतं.

१६ जानेवारी

पुवाची तपासणी आली. एक कागद आहे. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. मी नावं वाचू शकत नाही, पण अक्षरं इंग्रजी पहिलीची. आर, आर, आर. अकरा ओळी, अकरा आर. त्यांच्या खाली, शेवटच्या बाराव्या ओळीत एक एस. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मुलीनं समजावलं, आर म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही, एस म्हणजे मरतो. म्हणजे आपल्याकडं जी तीन इंजेक्शनं दिली ती तिन्ही आर. वसंता एसचं औषध आणायला शहरभर हिंडले, संध्याकाळी मिळालं. सलाईनमधून सुरू केलं आहे. डॉक्टर म्हणाले, रक्तात पसरलंय, उशीर झालाय, पण बघू.

तो कागद मी घडी करून माळेच्या पिशवीत ठेवला.

१८ जानेवारी

नंदा गेली. सकाळी नऊ वाजता.

बाळाला आणलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

कामावर गेलो. गोजर म्हणाली, कशाला जाता. मी म्हणालो, बसून काय करू.

डॉक्टरसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला, सिस्टरनं चहा केला. सगळं पूर्वीच्या जागी होतं. दुपारी एक जण पोराला खोकल्यासाठी घेऊन आला, त्याला डॉक्टरसाहेबांनी तेच इंजेक्शन दिलं ज्याच्या बाटलीवरची अक्षरं नंदाच्या कागदावरच्या पहिल्या ओळीशी जुळत होती. चांगलं औषध आहे, बऱ्याच जणांना गुण येतो. नंदाच्याच नशिबी नव्हता.

२१ फेब्रुवारी

आज औरंगाबादहून प्रयोगशाळेचे एक साहेब आले, बदरोद्दीन नाव, तिशीचे असतील. आपल्या भागातून तिकडे नेलेल्या तीन पेशंटांत एकाच जातीचा जंतू निघाला म्हणून त्यांना पाहायचं होतं. काड्यांना कापूस लावून टेबल, नळ, साबणाची वाटी, कशाकशावरून फिरवला. मग पिशवीतून एक मापकयंत्र काढलं, मला ट्यूब लावायला सांगितली, स्वतः चष्मा चढवला आणि यंत्र टेबलावर धरून बघत राहिले. काटा जागचा हलला न हलला.

मी म्हणालो, जळते आहे की साहेब.

ते म्हणाले, "मामा, निळं दिसतं तो कामाचा किरण नव्हे. कामाचा दिसतच नाही. वर्षभरात तो कमी होत जातो आणि ट्यूब मात्र तशीच निळी दिसत राहते. ही कधीची?"

मी सांगितलं. त्यांनी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. डॉक्टरसाहेब फोन घ्यायला बाहेर गेले, फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

मग ट्यूब बंद करून त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा तिच्यावरून फिरवला. बोळा लाल झाला. दुसरा घेतला, तोही लाल. त्यांनी मला विचारलं नाही, मीच सांगितलं, दर नवमीला पाच बोटं. ते मान खाली घालून पुसत राहिले. पुन्हा लावली तेव्हा काटा थोडा वर सरकला. थोडाच.

मला सगळं जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना पाच माळांचं सांगितलं, तिसऱ्या माळेला गेलेल्या विजेचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. खिडकीचं ऐकून ते थांबले. स्टूल ओढून बसले आणि मलाही बसवलं.

ते जे बोलले ते जसं समजलं तसं लिहितो. पुरा मार बसला तर जंतू मरतो. कमी बसला तर घायाळ होतो, आणि घायाळ झालेला स्वतःची डागडुजी करतो. काही जातींच्या जंतूंना ही डागडुजी करायला उजेड लागतो, साधा सूर्याचा उजेड. किरण लावल्यावर लगेच ऊन मिळालं तर त्यातले पुष्कळ पुन्हा उभे राहतात. घाईच्या डागडुजीत कधी काही वेगळं जोडलं जातं, आणि त्यात कधी औषध सोसण्याची ताकद येऊ शकते. आधीच ज्यांनी दहादा तेच औषध पाहिलेलं असतं त्यांच्यात तर ती असतेच, आणि तेच मागं उरतात.

मी विचारलं, "म्हणजे माझ्या लेकीला ते माझ्या खोलीतून, माझ्या हातानं झालं?"

त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "मामा, खोटं बोलून राह्यलो असं समजू नका. मला माहीत नाही. असं होऊ शकतं एवढं प्रयोगात दिसतं. इथं तसंच झालं का, की जंतू आधीच औषधाला पक्का होता, की नळातून आला, की कुणाच्या हातावरून, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

हो म्हणाले असते तर मी हो घेऊन जगलो असतो. नाही म्हणाले असते तर तेही घेतलं असतं.

ते साहेब गेल्यावर डॉक्टरसाहेब म्हणाले, नवी ट्यूब मागवतो, आणि हे चार लोकांत बोलू नका मामा, तुमचंच नाव खराब होईल. माझी काळजी करतात ते.

२२ फेब्रुवारी

सकाळी तांब्या भरून अंगणात गेलो. सूर्य वर आला. पाणी हातून सुटलं नाही. तसंच तुळशीला ओतून आत आलो.

त्यानं काय केलं? तो टेबलावर पडला, लेकीच्या अंगावर पडला, आणि जंतू जर तिथं होते तर त्यांच्याही अंगावर पडला. त्याला फरक करता येत नाही. मी त्याला देव म्हणतो ते तो फरक करत नाही म्हणूनच.

१७ मार्च

गोजर रोज बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून पूर्वेच्या ओसरीत उन्हाला धरते. आज मी कवाड लोटलं. ती म्हणाली, "अहो, असं काय करून राह्यले? पोरीची हाडं कशी भरायची?" तिनं कवाड पुन्हा उघडलं, बाळाला उन्हात धरलं आणि माझ्याकडे पाठ करून रडली. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

२८ एप्रिल

वसंता बाळाला भेटायला आले. तिचं बारसं त्यांनीच साधं करून उषा नाव ठेवलं होतं, आज तिला टोपडं आणलं. जेवण झाल्यावर मी त्यांना मळ्याच्या वाटेनं घेऊन गेलो. ठरवून गेलो होतो. त्यांनीच सुरुवात केली.

"मामा, माझंच चुकलं. घरचे जालना म्हणत व्हते, मी जोर केला न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. ट्यूब, कुंकू, तीन माळा, खिडकी. साहेबांचं "होऊ शकतं"सुद्धा जसंच्या तसं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलं नाही. बाभळीखाली ते खाली बसले. हातातली काडी मोडत राहिले, तिचे तुकडे होईनात इतके बारीक तुकडे केले.

मग म्हणाले, "हे मला कशाला सांगितलं मामा? इतके दिवस देवावर राग धरून व्हतो, ते सोपं व्हतं. आता तुमच्यावर धरू? पोरगी तुमच्याच मांडीवर सोडून जाऊन राह्यलो मी."

मी म्हणालो, धरा.

ते म्हणाले, "धरता येईना तर."

परत येताना ते माझ्या पुढं चालत होते. गाडीत बसताना रीतीप्रमाणं वाकून पाया पडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. गोजरला मी रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत व्हतं तुमच्या पोटात काहीतरी हाय." एवढंच. मग उठून बाळाचं दूध तापवलं.

१४ ऑक्टोबर २००२, खंडेनवमी

पाच महिने लिहिलं नाही.

नवी ट्यूब मे महिन्यात बसली. बसवली त्या तारखेची चिठ्ठी मी भिंतीवर चिकटवली आहे. दर सोमवारी ती बंद असताना स्पिरिटनं पुसतो. पहिल्याच आठवड्यात दार लावायला एक क्षण उशीर झाला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून पडलो होतो आणि एकदम उठून बसलो. सहा वर्षांपूर्वी असंच झालं होतं. मग व्हायचं थांबलं होतं, आणि मी त्याला ओळख म्हणालो होतो.

आज पूजेचं ताट डॉक्टरसाहेबांच्या घरून आलं. सिस्टरनं स्वतःची कैची पुढं केली. कात्र्यांना हळद लावून त्या धुवायला टाकल्या. ट्यूबला मी खालूनच हात जोडले. कुंकवाचं बोट खालच्या स्टुलाच्या पायाला लावलं.

अकरा वाजता ऑपरेशन होतं. अकबरबी नावाची मुलगी, पहिलीच खेप. तिचा बाप बाकावर शेजारी येऊन बसला, कापूस विकायला आलेल्या माणसासारखा, हातांचं काय करावं ते न कळून. मला विचारलं, "मामू, ये कमरा साफ है ना?"

मी म्हणालो, पुसला आहे.

ट्यूब लावली, दार ओढलं, माळ काढली. जपात मन नव्हतं, पण मणी मोजले. पाच झाल्या. सहावी ओढली. मग आत जाऊन ट्यूब बंद केली.

खोलीत अंधार होता. खिडकीला आता काळं कापड आहे, मीच शिवलं. कडेनं एक बारीक रेघ आत येत होती, तिच्यावरून कळत होतं की बाहेर लख्ख ऊन आहे. माझा हात खिडकीच्या कडीपर्यंत गेला होता. कधी गेला ते कळलं नाही. तो परत घेतला, टेबलाच्या चादरीवर ठेवून पाहिला.

चादर गार होती. बाहेर जाऊन सिस्टरला म्हणालो, पोरीला सांगा, टेबल जरा गार लागेल.